किरोरे आणि कारिंगा : गिकुयू समाजातील १९२९ चा संघर्ष

वसाहतकालीन आफ्रिकेतील धर्मसंघर्षांचा विचार करताना एका बाजूस मिशनरी व त्यांचे नवख्रिस्ती अनुयायी आणि दुसऱ्या बाजूस पूर्वजांच्या धर्मास चिकटून राहिलेले लोक, अशी विभागणी सामान्यतः गृहीत धरली जाते. ही विभागणी सोयीची आहे. परंतु ज्या संघर्षाची साधने विपुल आहेत अशा एखाद्या उदाहरणास ती लावून पाहिली म्हणजे तिचा अपुरेपणा ध्यानात येतो. केनियातील गिकुयू समाजात १९२९ ते १९३१ या काळात मुलींच्या सुंतेवरून जो कलह उद्भवला, तो असे एक उदाहरण होय. या कलहात परस्परांविरुद्ध उभे राहिलेले दोन्ही पक्ष बहुतांशी ख्रिस्तीच होते, आणि ज्यांनी मिशनचा त्याग केला त्यांनी बायबलचा त्याग केला नाही. मग भांडण कशाचे होते, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाचे स्वरूप नाजूक आहे, म्हणून आरंभीच एक खुलासा करणे अवश्य वाटते. ज्या विधीत मुलीच्या जननेंद्रियाचा काही भाग कापून टाकला जातो, त्याविषयी आज वैद्यकशास्त्राचे मत निःसंदिग्ध आहे : त्यापासून शरीरास लाभ कोणताच नाही, हानी मात्र अनेक प्रकारची आहे. प्रस्तुत लेखकाचेही याबाबत दुसरे मत नाही. परंतु एखादी रूढी अनिष्ट आहे एवढे सिद्ध केल्याने तिच्यासाठी सहस्रावधी लोक चर्च, शाळा आणि पगाराची नोकरी सोडावयास का सिद्ध झाले, याचा उलगडा होत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम खरे म्हणजे तेथून सुरू होते.

१. इरुआ आणि समाजरचना

केनिया पर्वत आणि आबेरडेअर पर्वतराजी यांच्या दरम्यान जो सुपीक डोंगराळ प्रदेश आहे तो गिकुयूंचा मुलूख. न्गाई हा त्यांचा एकमेव परमेश्वर. केनिया पर्वत, त्यांच्या भाषेत किरिन्यागा, हे त्याचे विश्रांतिस्थान. प्रार्थनेच्या वेळी त्या पर्वताकडे मुख करावयाचे आणि उंबराच्या वर्गातील मुगुमो वृक्षाखाली यज्ञबली अर्पण करावयाचा, अशी रीत होती. गिकुयू आणि मुंबी या आद्य दांपत्यास झालेल्या कन्यांपासून आपली कुळे उत्पन्न झाली, असे या समाजाची उत्पत्तिकथा सांगते. या समाजास राजा नव्हता. जमीन ‘म्बारी’ म्हणजे एका पूर्वजापासून झालेल्या भावकीकडे असे, आणि न्यायनिवाडा व धर्मकृत्ये ‘किआमा’ या वृद्धांच्या मंडळाकडे असत.

राजा नाही, कायमची नोकरशाही नाही, लिखित कायदा नाही, अशा समाजास एकत्र बांधणारे सूत्र कोणते? ते म्हणजे वयोगटांची व्यवस्था. ज्या मुलामुलींची सुंता एका हंगामात होई ती एका वयोगटाची ठरत. दुष्काळ, रोगाची साथ अथवा त्या वर्षी घडलेली एखादी संस्मरणीय घटना यांवरून त्या वयोगटास नाव मिळे. अशा नावांच्या मालिकेतूनच समाज आपला भूतकाळ स्मरणात ठेवी. सुंतेच्या या संपूर्ण संस्काराचे नाव ‘इरुआ’. त्यात शस्त्रक्रिया हा एक भाग होता. त्याच्या मागेपुढे नृत्य, गीते, वडीलधाऱ्यांचा उपदेश, विवाहविषयक व भावकीविषयक शिकवण असे पुष्कळ काही असे. मुलांचा इरुआ आणि मुलींचा इरुआ अशी दोन्ही अंगे त्यात होती, आणि मुलींचा विधी सर्वस्वी वृद्ध स्त्रियांच्या हाती असे. इरुआ न झालेली मुलगी वयाने कितीही मोठी झाली तरी ती प्रौढ गणली जात नसे. तिचा विवाह, तिचे मातृत्व आणि त्यायोगे तिच्या पुत्रांचा भावकीच्या जमिनीवरील हक्क हे सारेच संशयास्पद ठरे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. गिकुयूंच्या दृष्टीने इरुआ हा धर्म, कायदा, शिक्षण आणि जमीन यांचा संधिबिंदू होता. मिशनरी डॉक्टरांच्या दृष्टीने ती एक शस्त्रक्रिया होती. दोन्ही पक्ष एकाच कृतीविषयी बोलत होते. परंतु एकाच विषयाविषयी बोलत होते असे म्हणता येत नाही.

२. जमीन, किपांडे आणि ‘वाचणारे’

ब्रिटिशांनी १८९५ मध्ये या प्रदेशावर संरक्षित राज्य घोषित केले. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा रेल्वेमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला, आणि तो किफायतशीर व्हावा म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांस उंचावरील सुपीक जमिनी देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. नैरोबीलगतच्या कियांबू भागात गिकुयूंच्या अनेक भावक्यांच्या जमिनी अशा रीतीने गेल्या. १९१५ च्या जमीनविषयक कायद्याने वसाहतवाल्यांस ९९९ वर्षांच्या मुदतीचे पट्टे मिळू लागले. उलट, आफ्रिकनांच्या ताब्यातील जमीन राजसत्तेच्या मालकीची मानली गेली. झोपडीपट्टी कराने त्यांस मजुरीकडे ढकलले. पहिल्या महायुद्धानंतर प्रौढ आफ्रिकन पुरुषास ‘किपांडे’ नावाचे ओळखपत्र बाळगणे सक्तीचे झाले. त्यावर बोटांचे ठसे असत आणि ते धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावे लागे. या साऱ्याविरुद्ध हॅरी थुकू यांनी चळवळ उभारली. मार्च १९२२ मध्ये त्यांस अटक झाली, तेव्हा नैरोबीत जमलेल्या जमावावर गोळीबार होऊन अनेक माणसे ठार झाली. त्या जमावास पुढे सरण्याचे आव्हान देणारी मेरी न्यांजिरू ही स्त्रीही त्यात मृत्यू पावली.

याच काळात मिशनांचे जाळे पसरले. स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन नैरोबीजवळ थोगोटो येथे व पुढे न्येरी भागात टुमुटुमु येथे स्थिर झाले. इंग्लंडच्या चर्चची मिशनरी सोसायटी, किजाबे येथील आफ्रिका इनलँड मिशन, कांबुइ येथील गॉस्पेल मिशनरी सोसायटी आणि इटालियन कॅथलिकांचे कॉन्सोलाटा मिशन यांनी आपापले प्रदेश वाटून घेतले. शाळा आणि रुग्णालये बव्हंशी त्यांच्याच हाती होती. मिशनमध्ये जाणाऱ्यांस गिकुयू भाषेत जे नाव पडले ते फार अर्थपूर्ण आहे : त्यांस ‘अथोमी’ म्हणजे ‘वाचणारे’ म्हणत. ख्रिस्ती होणे आणि वाचावयास शिकणे या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकच होत्या. वाचणारा माणूस कारकून होऊ शके, जमिनीचा कागद पाहू शके, सरकारास अर्ज लिहू शके. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत श्रद्धाळू होतेच. परंतु अक्षरविद्येची ही शक्ती ओळखणारेही पुष्कळ होते, आणि या दोन प्रेरणा एकाच माणसाच्या ठायी नांदत नव्हत्या असे मानण्याचे कारण नाही.

या वाचणाऱ्यांतूनच १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘किकुयू सेंट्रल असोसिएशन’ ही संघटना उदयास आली. जोसेफ कांगेथे हे तिचे अध्यक्ष. तिचे सरचिटणीसपद १९२८ मध्ये जॉनस्टन केन्याटा यांच्याकडे आले, आणि त्याच वर्षी ‘मुइग्विथानिया’ हे गिकुयू मासिक त्यांच्या संपादकत्वाखाली निघू लागले. केन्याटा हे थोगोटो मिशनच्या शाळेत वाढलेले. १९१४ मध्ये तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यापूर्वी त्यांचा इरुआही झाला होता. दोन्ही संस्कार एकाच देहावर झालेली ही पिढी होती. यापैकी एक संस्कार दुसऱ्यास रद्द करतो, असे तिला तोपर्यंत वाटले नव्हते.

३. १९२९ : अंगठ्याचा ठसा

स्कॉटिश मिशनमधील डॉक्टरांनी मुलींच्या सुंतेविरुद्ध उपदेश १९०६ च्या सुमारासच सुरू केला होता. जखमेच्या वणामुळे प्रसूतीत अडथळा येतो व कधी माता, कधी बालक दगावते, असा त्यांचा रुग्णालयातील अनुभव होता. तो खोटा मानण्याचे कारण नाही. मुलांच्या सुंतेस मात्र मिशनचा विरोध नव्हता. ती मिशन-रुग्णालयात ख्रिस्ती प्रार्थनेसह होत असे. सरकारचे धोरण सावध होते. विधीवर बंदी न घालता त्याचे सौम्य रूप रूढ करावे, अशा सूचना निघाल्या आणि काही स्थानिक परिषदांनी तसे नियमही केले. या नियमांची अंमलबजावणी फारशी झाली नाही.

मार्च १९२९ मध्ये टुमुटुमु येथे प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या आफ्रिकन प्रतिनिधींची परिषद भरली. मुलीची सुंता करविणारांस मंडळीतून निलंबित करावे, असा ठराव तेथे झाला. हा ठराव करणारे आफ्रिकनच होते, ही गोष्ट विसरता कामा नये. मिशनच्या बाजूने उभे राहिलेले गिकुयू हे केवळ परक्यांच्या तंत्राने चालणारे होते, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्यांपैकी अनेकांनी आपल्या मुलींचा विधी न करण्याचा निर्णय स्वतः घेतला होता आणि त्यासाठी नातलगांचा रोष पत्करला होता. ऑगस्टमध्ये सेंट्रल असोसिएशनने याविरुद्ध पत्रक काढले. देवाच्या वचनात ज्याचा निषेध नाही त्यासाठी चर्चने माणसास बाहेर का घालवावे, असा तिच्या युक्तिवादाचा रोख होता. हा युक्तिवाद बायबल वाचणाऱ्या माणसाचा आहे, मुगुमोखाली बली देणाऱ्याचा नव्हे.

यानंतर थोगोटो मिशनचे प्रमुख डॉ. जॉन आर्थर यांनी जे पाऊल उचलले त्याने मतभेदाचे रूपांतर फुटीत झाले. मंडळीच्या सभासदांनी व मिशनच्या सेवकांनी एका प्रतिज्ञेवर सही अथवा अंगठा करावा, असे त्यांनी ठरविले. प्रतिज्ञेचे दोन भाग होते : मुलींच्या सुंतेचा त्याग, आणि सेंट्रल असोसिएशनशी असलेल्या संबंधाचा त्याग. गिकुयू भाषेत अंगठ्याच्या ठशास ‘किरोरे’ म्हणतात. प्रतिज्ञा करणारांस तेच नाव पडले. न करणारे स्वतःस ‘कारिंगा’ म्हणजे शुद्ध, अस्सल म्हणवू लागले.

प्रतिज्ञेचा दुसरा भाग येथे निर्णायक ठरला, असे वाटते. सुंता आणि जमिनीची चळवळ या दोन गोष्टी मिशननेच एका कागदावर आणून ठेवल्या. किपांडेवर बोटांचे ठसे देऊन माणूस बांधला जातो, हा अनुभव ताजा होता. कागदावर अंगठा दिल्याने जमीन जाते, हा समजही निराधार म्हणता येत नव्हता. त्यात डॉ. आर्थर हे त्या वेळी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात आफ्रिकनांच्या हितसंबंधांचे प्रतिनिधी होते. ज्या गोऱ्या गृहस्थाने सरकारदरबारी आपली बाजू मांडावयाची, तोच आपल्या एकमेव राजकीय संघटनेचा त्याग करावयास सांगतो, हे पाहून लोकांनी जो अर्थ काढला तो समजण्यासारखा आहे. पुढे आर्थर यांस ते पद सोडावे लागले.

परिणाम तत्काळ दिसले. स्कॉटिश मिशनच्या थोगोटो क्षेत्रातील प्रभुभोजनाचा अधिकार असलेल्या सभासदांपैकी फार मोठा भाग काही आठवड्यांत मंडळीबाहेर पडला. शाळा ओस पडल्या. वर्षाच्या अखेरीस ‘मुथिरिगु’ नावाचे नृत्यगीत गावोगाव पसरले. त्यात मिशनरी, सरकारनियुक्त मुखिये आणि किरोरे यांची निंदा असे, आणि इरुआ न झालेल्या मुली परक्यांस देऊन त्यांच्यामार्फत जमीन बळकावली जाईल अशी भीतीही व्यक्त होई. सरकारने जानेवारी १९३० मध्ये त्यावर बंदी घातली. त्याच महिन्याच्या आरंभी किजाबे येथे हल्डा स्टंफ या वृद्ध मिशनरी बाईंचा खून झाला. तो कोणी व कशासाठी केला हे न्यायालयात सिद्ध झाले नाही. परंतु त्यामुळे दोन्ही बाजूंची मने अधिकच कठोर झाली. तत्पूर्वी डिसेंबर १९२९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्येही हा प्रश्न निघाला होता. डचेस ऑफ अथॉल व एलिनॉर रॅथबोन या स्त्री-सभासदांनी तो लावून धरला. वसाहतखात्याने मात्र शिक्षणाद्वारे हळूहळू परिवर्तन, हीच भूमिका ठेवली.

मिशनांत एकवाक्यता नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. इंग्लंडच्या चर्चच्या मिशनरी सोसायटीने काही ठिकाणी कठोर तर काही ठिकाणी सौम्य धोरण ठेवले, आणि कॅथलिक मिशनने या विधीस मंडळीतून काढण्याचे कारण मानले नाही. जेथे प्रतिज्ञा मागितली गेली नाही तेथे फूटही त्या मानाने कमी पडली.

४. एका शब्दाचा वाद

या संघर्षाचे स्वरूप एका शब्दाच्या इतिहासावरून चांगले कळते. गिकुयू भाषेतील ‘मुइरितु’ या शब्दाचा रूढ अर्थ इरुआ झालेली, परंतु अविवाहित तरुणी असा होता. इरुआ न झालेल्या मुलीस वेगळा शब्द होता, आणि मोठ्या मुलीस तो लावणे ही शिवी होती. शुभवर्तमानाचे गिकुयू भाषांतर करताना कुमारी मरिया हिच्यासाठी शब्द हवा होता. अविवाहित व आदरणीय तरुणी या अर्थाने भाषांतरकारांनी ‘मुइरितु’ हाच शब्द घेतला. दुसरा योग्य शब्द भाषेत नव्हताच. कलहाच्या काळात कारिंगा पक्षाने या शब्दावर बोट ठेवले. येशूची माता जर ‘मुइरितु’ होती तर तिचा इरुआ झालेला होता. मग तो पाप कसा?

हा युक्तिवाद हास्यास्पद मानण्याचा मोह होतो. परंतु त्यातील तर्क नीट पाहिला पाहिजे. मिशनऱ्यांनी लोकांस असे शिकविले होते की अंतिम प्रमाण म्हणजे लिखित वचन, आणि ते वचन प्रत्येकाने आपल्या भाषेत वाचावे. लोकांनी ते वाचले आणि त्याच प्रमाणाच्या आधारे गुरूस उत्तर दिले. भाषांतराने धर्मग्रंथ गिकुयूंच्या हाती गेला होता. आणि एकदा तो त्यांच्या हाती गेल्यावर त्याचा अर्थ लावण्याची मक्तेदारी मिशनकडे राहणे शक्य नव्हते.

दुसऱ्या बाजूसही शब्दांची निवड चालू होती. मिशनऱ्यांपैकी अनेकांनी या सुमारास ‘सुंता’ हा शब्द टाकून ‘अंगच्छेद’ या अर्थाचा शब्द योजावयास आरंभ केला. वैद्यकीय वर्णन म्हणून तो शब्द चुकीचा नव्हता. परंतु मुलाच्या व मुलीच्या इरुआस गिकुयू भाषेत एकच नाव असताना, एकास संस्कार व दुसऱ्यास अंगच्छेद म्हणणे याचा अर्थ त्या समाजाची विभागणी त्याच्या भाषेबाहेर राहून करणे असा होतो. ती विभागणी समाजाने स्वतः केली असती तर वेगळे. ती त्याच्यावर लादली गेली, आणि म्हणून शब्दच संशयित झाला.

५. बाहेर पडलेल्यांनी काय केले?

कारिंगा पक्ष जुन्या धर्माकडे परत गेला असता, तर आरंभी उल्लेखिलेली सोयीची विभागणी टिकली असती. तसे घडले नाही. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की, शाळा काढल्या. अनेक ठिकाणी शाळागृहे लोकांनी आपल्या श्रमाने बांधलेली असल्याने ती कोणाची, असा वाद निघाला. आणि कागद मिशनच्या बाजूस असल्याने निकालही बहुधा तिकडेच लागे. तेव्हा मातीच्या भिंतींच्या नव्या शाळा उभ्या राहिल्या. त्यांच्या दोन प्रमुख संघटना झाल्या : जोहाना कुन्यिहा यांच्या अध्यक्षतेखालील किकुयू स्वतंत्र शाळा संघ, आणि कियांबू भागातील किकुयू कारिंगा शिक्षण संघ. या शाळांत इंग्रजी लवकर शिकवावे, हा पालकांचा आग्रह असे. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९३९ मध्ये गिथुंगुरी येथे महाविद्यालय निघाले. अमेरिकेत शिकून आलेले म्बियू कोइनांगे हे त्याचे प्रवर्तक होते.

दुसरी गोष्ट म्हणजे, त्यांनी चर्चेस स्थापिली. बाप्तिस्मा कोण देणार, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न होता. मनास येईल त्याने तो द्यावा, असे त्यांनी मानले नाही. प्रेषितांपासून चालत आलेली दीक्षापरंपरा ज्याच्याकडे आहे असा बिशप त्यांनी शोधला, आणि १९३५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्चचे आर्चबिशप डॅनिएल विल्यम अलेक्झांडर यांस पाचारण केले. त्यांनी उमेदवारांस शिकवून १९३७ मध्ये दीक्षा दिली. त्यांतून पुढे आफ्रिकन इंडिपेंडंट पेंटेकोस्टल चर्च व आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च असे दोन प्रवाह झाले. दुसऱ्यास १९४६ मध्ये अलेक्झांड्रियाच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स पीठाची मान्यता मिळाली. मिशनऱ्यांपासून सुटका हवी, परंतु प्रेषितांपासून नव्हे, अशी ही भूमिका होती.

याखेरीज ‘अराथी’ म्हणजे द्रष्टे या नावाने ओळखला जाणारा एक छोटा पंथ होता. युरोपीय वस्तूंचा त्याग, केनिया पर्वताकडे मुख करून हात उंचावून प्रार्थना, आणि तरीही बायबलचे पठण, असे त्याचे आचरण असे. १९३४ मध्ये न्दारुगू अरण्यात पोलिसांच्या गोळीबारात त्याचे तीन अनुयायी मारले गेले. अशा रीतीने एका प्रतिज्ञेतून दोन नव्हे, तर अनेक प्रकारचे ख्रिस्ती गिकुयू निर्माण झाले.

१९३८ मध्ये केन्याटा यांचे गिकुयू समाजावरील मानववंशशास्त्रीय पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यास त्यांचे गुरू मालिनोव्स्की यांनी प्रस्तावना लिहिली होती. इरुआ हा समग्र समाजव्यवस्थेचा पाया असून तो काढल्यास इमारत कोसळेल, असा त्यात युक्तिवाद आहे. १९३० च्या सुमारास अधिकाऱ्यांशी बोलताना मात्र केन्याटा यांनी, शिक्षणाने ही रूढी क्रमाक्रमाने जाईल, सक्ती नको, अशी मवाळ भाषा वापरली होती. या दोन भूमिकांतील अंतर ढोंगाचे आहे असे म्हणण्यापेक्षा, परक्याने हल्ला केला म्हणजे रूढी सिद्धान्ताचे रूप कसे धारण करते याचे ते उदाहरण आहे, असे म्हणणे अधिक युक्त होईल. १९२९ पूर्वी इरुआ ही चालत आलेली गोष्ट होती. १९२९ नंतर ती राष्ट्रीयत्वाची खूण झाली.

६. जिच्याविषयी वाद, ती कोठे आहे?

आतापर्यंतच्या विवेचनात मिशनरी, मुखिये, संघटनेचे नेते, पार्लमेंटचे सभासद या सर्वांची मते आली. ज्या मुलींच्या देहावर हा वाद चालला होता त्यांचे मत आले नाही. हा केवळ लेखकाचा दोष नव्हे. तो साधनांचाही आहे. तथापि साधने सर्वस्वी मुकी नाहीत.

‘न्गो या तुइरितु’ म्हणजे ‘तरुण मुलींची ढाल’ या नावाचे ख्रिस्ती गिकुयू स्त्रियांचे एक मंडळ या काळात स्थापन झाले. विधी न करू इच्छिणाऱ्या मुलींस आधार देणे, हा त्याचा उद्देश होता. १९३१ च्या अखेरीस या मंडळाने अधिकाऱ्यांस पत्र पाठविले. ज्या पुरुषांस ना हा छेद सोसावा लागतो ना प्रसूतीच्या वेदना, ते या विषयावर सभा भरवून निर्णय करतात याचे आश्चर्य वाटते, अशा आशयाची तक्रार त्यात होती. मंडळाच्या नावातील ‘तुइरितु’ हा शब्द ‘मुइरितु’ याच शब्दाचा आप्त आहे. इरुआ न झालेल्या मुलींसही तो आदराचा शब्द लागू आहे, असे या स्त्रियांनी नावातूनच सांगितले. आणि ते परक्यांच्या भाषेत नव्हे, आपल्या भाषेत सांगितले. उलट पक्षी, सेंट्रल असोसिएशनमध्ये आपणांस स्थान नाही म्हणून १९३० च्या सुमारास मुरांगा भागातील स्त्रियांनी ‘मुंबी सेंट्रल असोसिएशन’ काढली. त्या मिशनच्या बाजूच्या नव्हत्या. म्हणजे दोन्ही पक्षांतील स्त्रियांनी एकच आक्षेप घेतला : आमच्याविषयी आमच्यावाचून ठरवू नका. दोन्ही पक्षांतील पुरुषांनी तो फारसा ऐकला नाही.

गिकुयूंचे शेजारी मेरू यांच्या मुलखात पुढे जे घडले ते या दृष्टीने बोधक आहे. आणीबाणीच्या काळात, १९५६ मध्ये, तेथील न्जुरी न्चेके या वृद्धांच्या मंडळाने मुलींच्या सुंतेवर बंदी घातली. पुढील ३ वर्षांत २,४०० हून अधिक लोकांवर ही बंदी मोडल्याचे आरोप ठेवण्यात आले. त्यांत स्वतःच दाढीच्या पात्याने एकमेकींची सुंता करणाऱ्या मुलीही होत्या. त्यांस ‘न्गाइताना’ म्हणजे ‘मी स्वतःच करीन’ असे नाव पडले. वृद्ध स्त्रिया, शिकवण, नृत्य, सारे गळून पडले. राहिला तो फक्त छेद. बंदीने जे काढावयाचे तेच शिल्लक ठेवले आणि जे निरुपद्रवी होते ते घालविले.

७. उपसंहार

ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि तदनंतर स्वतंत्र शाळा सरकारने बंद केल्या. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. केन्याटा राष्ट्रप्रमुख झाले, परंतु या विधीविरुद्ध त्यांच्या कारकीर्दीत कायदा झाला नाही. १९६५ मध्ये न्गुगी वा थिओंगो यांनी आपल्या कादंबरीचा विषय याच कलहास केले. २००१ च्या बालकविषयक कायद्याने अल्पवयीन मुलींच्या बाबतीत, आणि २०११ च्या स्वतंत्र कायद्याने सर्वच स्त्रियांच्या बाबतीत हा विधी गुन्हा ठरला. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो कायदा वैध ठरविला. राष्ट्रीय आरोग्य-पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत विधी झालेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ३८ टक्के होते, ते २०२२ मध्ये १५ टक्क्यांवर आले. जे काम १९२९ मध्ये प्रतिज्ञेने झाले नाही ते स्वदेशीय कायदा, मुलींचे शिक्षण आणि स्त्रियांच्या स्वतःच्या संघटना यांच्यायोगे पुष्कळ अंशी होत आले आहे. पूर्णतः झाले आहे असे मात्र म्हणता येत नाही.

या साऱ्यावरून निष्कर्ष काय निघतो? मिशनचे डॉक्टर रुग्णालयात जे पाहत होते ते सत्य होते. कारिंगा पक्ष प्रतिज्ञेमागे जी सत्ता पाहत होता तीही सत्य होती. एक सत्य दुसऱ्यास खोडत नाही. संघर्ष ख्रिस्ती धर्म आणि गिकुयू धर्म यांचा नव्हता. आपल्या समाजात काय टाकावयाचे आणि काय राखावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याचा तो होता. ज्याच्या हाती जमिनीचा कागद, शाळेची किल्ली आणि गव्हर्नरच्या मंडळातील खुर्ची होती, त्याने सुधारणा मागितली म्हणून सुधारणेसच परकेपणाचा डाग लागला. आणि तो पुसण्यास दोन पिढ्यांहून अधिक काळ लागला. त्या काळात ज्या मुलींनी त्याची किंमत मोजली, त्यांनी ना प्रतिज्ञेचा मसुदा केला होता ना पत्रकाचा.

वसाहतकालीन धर्मसंघर्षाची कागदपत्रे हाती घेणाऱ्या अभ्यासकाने म्हणून दोन प्रश्न सतत पुढे ठेवावेत. या कागदावर कोणता प्रश्न कोणत्या प्रश्नाशी बांधला आहे, आणि तो कोणी बांधला? तसेच, ज्याच्या देहाविषयी अथवा भूमीविषयी हा कागद आहे, त्याचा अंगठा त्यावर आहे काय? गिकुयूंच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर किरोरेच्या प्रतिज्ञेत सापडते, आणि दुसऱ्याचे त्या ‘तरुण मुलींच्या ढाली’ने पाठविलेल्या पत्रात.